रात्रीची गोळी



यंदाच्या दशलक्षणात बस्तीतलं प्रवचन संपलं आणि एक ताई माझ्यामागून पायऱ्यांपर्यंत आल्या. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाल्या, "काकी, काकांना ते प्रोस्टेटचंच आहे ना? आमच्या यांनाही परवा तेच निघालं. हाडात गेलंय म्हणतात. अजून सासूबाईंनासुद्धा सांगितलं नाही. तुम्ही कसं केलंत?" तेवढ्यात त्यांची जाऊ आली आणि आम्ही दोघी लगेच उद्याच्या पूजेच्या वाटीचं बोलायला लागलो.

त्यांना पायरीवर उभ्याउभ्या काय सांगणार होते? म्हणून हे लिहिते आहे. आणि सगळं वाचायला वेळ नसेल तर माझं मत आधीच सांगून ठेवते. आजारी नवऱ्याचं व्रत बायकोने राखायचं नसतं. त्याला काय हवं आहे ते त्याला विचारायचं असतं. मी विचारलं नाही आणि त्याची किंमत यांनी अकरा रात्री मोजली.

आमच्या यांचं निदान झालं त्याला आता चौथं वर्ष चालू आहे. आधी सात-आठ महिने पाठ दुखत होती. उसाच्या पाण्याच्या पाळ्या, रात्रीचं शेतावर जाणं, मोटारसायकलचे धक्के, त्यामुळे पाठ दुखणारच असं आम्ही धरून चाललो. तेल चोळलं, पट्टा बांधला. लघवीला रात्री चार-चार वेळा उठायचे, तेही वयाचं म्हणून सोडून दिलं. शेवटी लेकाने पुण्याहून येऊन जबरदस्तीने रक्त तपासायला लावलं. पीएसए नावाची ती साधी रक्ताची तपासणी. आकडा शंभराच्या पुढे निघाला. मग मिरजेला बायॉप्सी, हाडांचा स्कॅन. मणक्यात आणि डाव्या खुब्यात गेलं होतं.

डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, "हा आता मुळापासून जाणार नाही, पण दाबून ठेवता येतो. अनेक जण वर्षानुवर्षं चालतात-फिरतात." मला 'जाणार नाही' एवढंच ऐकू आलं. यांना 'दाबून ठेवता येतो' एवढं ऐकू आलं. घरी येताना गाडीत आम्ही दोघं दोन वेगळ्या बातम्या घेऊन बसलो होतो. म्हणून ताई, पहिली गोष्ट ही की डॉक्टरांकडे तिसरं माणूस न्या आणि त्याला वहीत लिहून घ्यायला सांगा.

हा आजार पुरुषाच्या शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनवर पोसतो. म्हणून उपचार असतो तो ते हार्मोन बंद करण्याचा. १९४१ साली चार्ल्स हगिन्स या डॉक्टरांनी हे दाखवून दिलं आणि पुढे १९६६ साली त्यांना नोबेल मिळालं, हे मला आमच्या लेकाने सांगितलं. आजही पायाभूत उपचार तोच. यांना दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन आणि रोज अबिराटेरॉनच्या चार गोळ्या. या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या, आधी दोन तास काही खायचं नाही, नंतर एक तास खायचं नाही. डॉक्टर आम्हाला हे दोनदोनदा समजावत होते, कारण बऱ्याच घरांत इथेच चुकतं म्हणे. आमच्याकडे काहीच अवघड गेलं नाही. सूर्यास्ताआधी जेवण झालेलं, सकाळी पोट रिकामंच. दिवस उगवल्यावर गोळ्या, तासाभराने नाश्ता, नाश्त्याबरोबर प्रेडनिसोलोनची गोळी. डॉक्टर म्हणाले, "तुमचं वेळापत्रक तर औषधासाठीच बनवल्यासारखं आहे." मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! त्याच अभिमानाने मला पुढे पाडलं.

पण त्याआधी इंजेक्शनचं सांगते, कारण हे आपल्यात कुणी बोलत नाही. हार्मोन बंद झालं की माणूस बदलतो. यांना अंगातून गरम वाफा यायला लागल्या, घामाने बनियन भिजायचं. दंड उतरले, पोट सुटलं. आयुष्यात ज्यांच्या डोळ्यांत मी पाणी बघितलं नव्हतं ते बातम्या बघताना रडायला लागले. आणि नवरा-बायकोचं जे असतं, ते संपलं. यांनी एक दिवस काही न बोलता आपली गादी उचलली आणि बाहेरच्या खोलीत टाकली. मला वाटलं, माझा कंटाळा आला. त्यांना वाटत होतं, मी आता हिच्या कशाच्याच कामाचा नाही. दोन महिने आम्ही असे काढले. मग एका दुपारी ते पंख्याखाली येऊन शर्टाच्या गुंड्या काढत बसले आणि मी म्हणाले, "आता कळलं का, पाळी जाताना मी थंडीत पंखा का लावत होते ते?" दोघंही हसलो. त्या रात्री मीच गादी आत आणली. ताई, तुमचे यजमान दूर झाले तर ते तुमच्यावर रुसलेत असं समजू नका. त्यांना सांगा की हे औषधाचं काम आहे, तुमचं नाही. आणि हात धरून झोपायला कुठल्याही हार्मोनची गरज लागत नाही.

आता त्या अकरा रात्री.

यांनी चाळिसाव्या वर्षी कुंभोजच्या बाहुबलीला मुनिमहाराजांसमोर रात्री चारही आहारांचा त्याग घेतला होता. मीही त्याच वेळी, त्यांच्याशेजारी उभं राहून घेतला. इतकी वर्षं सूर्यास्तानंतर आमच्या घरात पाण्याचा घोटही घेतला गेला नाही. लेकाच्या लग्नाच्या वरातीतसुद्धा नाही.

दुसऱ्या वर्षाच्या थंडीत खुब्यातलं दुखणं एकदम वाढलं. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या, दर चार तासांनी. दिवसा घ्यायचे, बरं वाटायचं. पण मार्गशीर्षातली रात्र तेरा तासांची. संध्याकाळच्या शेवटच्या गोळीचा असर नऊ-साडेनऊला उतरायचा आणि मग सकाळपर्यंत काही नाही. हे कुशीवर वळायचे, परत वळायचे, उशीचा कोपरा दातात धरायचे. मी उशाशी बसून णमोकार म्हणायची. पाठीवर हात फिरवायची. गोळ्यांची डबी समोरच्या कपाटात होती. मी एकदाही म्हणाले नाही, की देऊ का? मला वाटलं, एवढ्या वर्षांचं व्रत, ते माझ्या हातून मोडायला नको. सकाळी सासूबाईंना सांगायची, "रात्रभर दुखलं पण यांनी गोळी मागितली नाही." त्या म्हणायच्या, "पुण्यवान आहे माझा लेक." मलाही त्यात थोडं माझं पुण्य दिसायचं. खोटं कशाला सांगू?

बाराव्या रात्री लेक इचलकरंजीहून आली होती. साडेदहाला ती खोलीत आली, बापाकडे बघितलं आणि सरळ विचारलं, "बाबा, गोळी हवी का तुम्हाला?"

यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "तुझ्या आईला विचार."

मैत्रिणींनो, मी तिथे खाली बसले. अकरा रात्री मी त्यांच्या व्रतासाठी जागत होते आणि ते माझ्यासाठी सोसत होते. आपण गोळी घेतली तर हिला वाईट वाटेल, आपल्या जोडीने घेतलेलं मोडेल, असं त्यांच्या मनात. मला वाटत होतं, व्रत त्यांना हवं आहे. दोघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं. लेकीने पाणी आणलं, गोळी दिली. अर्ध्या-पाऊण तासात त्यांचा चेहरा सैल झाला आणि ते तीन वाजेपर्यंत झोपले. मी मात्र झोपले नाही.

दोन दिवसांनी आमच्या भागात विहार करत आलेल्या माताजींकडे आम्ही गेलो. मला वाटलं होतं आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी माझ्याशी आधी बोलणंच केलं नाही. यांना विचारलं, किती वेळाने घ्यायची असते, केवढ्या पाण्याबरोबर, झोप लागते का. व्रत घेताना औषधाची सूट ठेवली होती का, हेही विचारलं. ठेवली नव्हती. मग यांचं म्हणणं ऐकून त्यांनी यांना झेपेल असं छोटंसं प्रायश्चित्त दिलं आणि रात्रीच्या औषधापुरती आणि त्यावरच्या पाण्यापुरती सूट दिली. पाच मिनिटांचं काम होतं. ते पहिल्या रात्रीनंतरच करता आलं असतं.

डॉक्टर मात्र माझ्यावर चिडले. "रात्री दुखतंय हे मला का नाही सांगितलं?" त्यांनी बारा तास पुरणारी मॉर्फिनची दुसरी गोळी दिली आणि खुब्यावर रेडिएशनची एकच बैठक दिली. हाडातल्या दुखण्यावर बऱ्याचदा एकच बैठक पुरते म्हणे. दोन-तीन आठवड्यांत दुखणं इतकं कमी झालं की पुढे मॉर्फिनचा डोसही हळूहळू उतरवला. आज हे रोज सकाळी चालत बस्तीत जातात. म्हणजे उपाय होता. फक्त तो मिळवण्यासाठी तोंड उघडायला हवं होतं.

आता या सगळ्यातून माझं जे मत झालं ते चार मुद्द्यांत मांडते. पटलं नाही तर जरूर कळवा.

पहिलं, वेदना सोसणं म्हणजे तप नाही. तप आपण स्वतःहून, समजून, शक्तीप्रमाणे करतो. कॅन्सरची कळ कुणी नेम म्हणून घेत नाही. उलट आपल्या तत्त्वार्थसूत्रात आर्तध्यानाचे जे चार प्रकार सांगितलेत त्यात वेदनेचं सतत चिंतन हा एक आहे. ज्याचा खुबा जळतो आहे त्याचं मन खुब्यातच अडकणार, ते अरिहंतांपाशी कसं जाईल? दुखणं थांबवणारी गोळी माणसाला आर्तध्यानातून बाहेर काढत असेल तर ती देणं धर्माच्या विरुद्ध कसं? मॉर्फिनची सवय लागेल, माणूस गुंगीत जाईल, ही भीती मलाही होती. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दुखण्याच्या मापाने घेतलं तर तसं सहसा होत नाही. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्या. ज्या अफूपासून हे औषध होतं ती आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात, सरकारी परवान्याने पिकते. २०१४ साली कायदा बदलून ते मिळणं सोपं केलं, तरी प्रत्येक मेडिकलमध्ये अजून मिळत नाही. तुमच्या डॉक्टरांकडे नसेल तर वेदनाशामक उपचार करणारा पॅलिएटिव्ह विभाग कुठे आहे ते विचारा. पॅलिएटिव्ह म्हणजे शेवट जवळ आला असं नाही. पहिल्या दिवसापासूनही तिथे जाता येतं.

दुसरं, "कर्माचं फळ" हे वाक्य आजाऱ्याच्या खोलीत बोलायचं नाही. असातावेदनीय कर्माचा उदय मीही मानते. पण तो विचार माणसाने स्वतःसाठी करायचा असतो, दुसऱ्याच्या उशाशी बसून त्याच्यासाठी नाही. भेटायला आलेल्या एका नात्यातल्या काकींनी यांच्यासमोर म्हटलं, "मागचं काही असेल, भोगून संपवायचं." हे दोन दिवस जेवले नाहीत. कर्मावर श्रद्धा असेल तर आजाऱ्याच्या निमित्ताने आपलं कर्म आत्ता कसं बांधलं जातंय तेवढं बघावं.

तिसरं, सल्लेखनेबद्दल. हे लिहिताना हात थरथरतो, पण लिहिते. एका जवळच्या बाईंनी मला स्वयंपाकघरात गाठून सुचवलं होतं, "आता समाधीचं बघा, औषधं किती दिवस?" २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्यावर बंदी आणली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, तेव्हा आपण सगळ्या मोर्च्याला गेलो होतो. मीही गेले होते आणि आजही माझं मत तेच आहे. पण त्या मोर्च्यात आपण जगाला काय सांगत होतो? की हे मरण लादलेलं नसतं, ते स्वतःच्या इच्छेने, शांत मनाने घेतलेलं व्रत असतं. मग स्वयंपाकघरात दुसऱ्याच्या नवऱ्याबद्दल ते ठरवणाऱ्या आपण कोण? रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखना सांगितली आहे ती ज्यावर काही उपायच उरला नाही अशा संकटात, रोगात, म्हातारपणात. आपल्या भोजचे आचार्य शांतिसागर महाराज, १९५५ साली कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना घेतली ती दृष्टी जाऊ लागल्यावर, स्वतःच्या निर्णयाने. ती त्यांना कुणी सुचवली नव्हती. ज्याचं दुखणं एका गोळीने थांबतं त्याला आधी गोळी मिळू दे. दुखण्याला कंटाळून "मला मरू द्या" म्हणणारा माणूस समाधी मागत नसतो, तो झोप मागत असतो.

चौथं, सेवा करणारीने स्वतःचे उपवास मोजू नयेत. यांच्या आजाराच्या पहिल्या वर्षी मी दशलक्षणाचे दहाही उपवास केले, नवस बोलल्यासारखे. सातव्या दिवशी यांना आंघोळीला उठवताना मलाच चक्कर आली आणि दोघंही पडता पडता वाचलो. इंजेक्शनांनी यांची हाडं आधीच ठिसूळ झालेली, पडले असते तर? आपल्या शास्त्रात बाह्य तपं सहा आणि अंतरंग तपं सहा. अनशन, म्हणजे उपवास, हे बाह्य तपांत आहे. वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हे अंतरंग तपांत आहे. ते मूळ साधूंच्या सेवेबद्दल सांगितलं आहे हे मला माहीत आहे. पण ज्याच्याबरोबर चाळीस वर्षं धर्म केला त्याचं पातेलं उचलणं, पाय चेपणं, त्याच्या गोळ्यांचा हिशोब ठेवणं, याचं नातं त्या तपाशी नाही असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. आता मी दशलक्षणात एकासन करते, एखादा रस सोडते आणि दुपारी एक तास झोपते. ती झोपही मी तपातच धरते.

ताई, आता तुमच्यासाठी थोडं घरगुती. पायातली ताकद अचानक गेली, बधिरपणा आला किंवा लघवी-शौच कळेनासं झालं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. मणक्यातल्या गाठीने मज्जारज्जू दबतो आणि थोड्याच तासांत पाय कायमचे जाऊ शकतात. हाडांसाठी शिरेतून औषध सुरू करणार असतील तर आधी दात दाखवून घ्या. कुणी चूर्ण, काढा, पुड्या आणून दिल्या तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका, या गोळ्यांवर असताना यकृताची तपासणी सारखी करावी लागते. नाचणीची आंबील, तीळ, दूध, डाळी आपल्याकडे आहेतच. त्यांना रोज थोडं चालायला लावा, दम लागला तरी अंगणापर्यंत.

आणि लपवू नका. आम्ही वर्षभर सगळ्यांना 'मणक्याचा त्रास' असंच सांगितलं. बापाला किंवा भावाला हा आजार असेल तर बाकीच्या पुरुषांना धोका जास्त असतो. ज्या दिवशी आम्ही खरं सांगितलं त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या दिरांनी तपासणी केली. त्यांचंही निघालं, पण अगदी सुरुवातीचं. त्यांचं ऑपरेशन झालं, बरे आहेत. आमच्या लेकाला डॉक्टरांनी पंचेचाळिशीपासून तपासणीचं विचारायला सांगितलं आहे. काही घरांत हा दोष जनुकातून येतो आणि मुलींच्या स्तनाच्या, अंडाशयाच्या आजाराशीही त्याचं नातं असतं, म्हणून जनुकाची तपासणी करायची का, हेही विचारा. सोयरिकीला अडथळा येईल म्हणून आपण गप्प बसतो आणि ज्यांच्यासाठी गप्प बसतो त्यांचंच नुकसान करतो.

हा लेख काल यांना वाचून दाखवला. त्यांनी एक ओळ काढायला सांगितली, ती काढली. गादीचं राहू दे म्हणाले. मी विचारलं, "नक्की ना?" म्हणाले, "आता विचारतेस ते बरं आहे."

ताई, तुम्ही या. दुपारी तीननंतर आम्ही दोघंही घरी असतो. तुमच्या यजमानांनाही आणा. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसू, त्यांना बाहेर ओट्यावर बसू दे. पुरुष एकमेकांशी काय बोलतात ते बोलू देत. आणि त्याआधी, आज रात्री घरी त्यांना एवढं विचारा, "तुम्हाला काय हवं आहे?" उत्तर लगेच येणार नाही. तरी विचारा.